वाचक विचारतात: वाळलेली कळलावी, चढत नसलेली कळलावी आणि सासूबाईंचा विरोध

प्रश्न (खानापूर तालुका): माहेरच्या बांधावरची कळलावी आणून परसात लावली होती. गणपतीत काय फुलली म्हणून सांगू, शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या. आता दिवाळी झाल्यापासून पानं पिवळी पडूलाल्यात, अख्खा वेल वाळूलाय. सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, थोडा युरिया पण टाकला, काहीच फरक नाही. मेली म्हणायची का?

उत्तर: ताई, आधी पाणी बंद करा, मग पुढचं वाचा. कळलावी मेलेली नाही, पण असंच पाणी चालू राहिलं तर नक्की मरेल. हे झाड बारमाही आहे खरं, पण बारमाही म्हणजे जमिनीखालचा गड्डा, वरचा वेल नाही. वळवाचे एकदोन दणके झाले की कोंब वर येतो, मृग-आर्द्रात सरसर चढतो, श्रावण-भाद्रपदात फुलं, मग शेंगा, आणि पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं. जांबोटी-कणकुंबीकडं बांधावर, झुडपात जी कळलावी उगवते तिला कोण दिवाळीनंतर पाणी घालतंय? तरी दरवर्षी तिथंच येते की. आराम चालू असताना ओल राहिली की गड्डा कुजतो, युरियाचा तर आता काही उपयोगच नाही कारण खायला पानंच शिल्लक नाहीत.

वेल पूर्ण वाळू द्या, हिरवा असताना कापू नका कारण पानांतला शेवटचा रस खाली नव्या गड्ड्यात जात असतो. मग जमिनीलगत कापा आणि तिथं एक काटकी रोवून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात कुणीतरी मिरची लावायला म्हणून तिथंच कुदळ घालणार. मेच्या शेवटी वरून मूठभर शेणखत, बास.

गड्डा उकरायचाच असेल तर एक ध्यानात ठेवा. जुना गड्डा दरवर्षी सुकून जातो आणि शेजारी नवा तयार होतो, बहुतेक वेळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा. कोंब येतो तो फक्त फाट्याच्या टोकाला, बटाट्याला असतात तसे सगळीकडं डोळे नसतात. टोक मोडलं की तो फाटा वाया गेला. म्हणून कुदळीनं नको, हातानं माती सारत काढा, हातमोजे घालून. दोन झाडं करायची असतील तर जोडापाशी तोडा. लावताना आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती. बियांपासूनही येते पण फूल बघायला तीन-चार पावसाळे जातात, तेवढा दम असेल तर करा.

माहेरच्या बांधावरची आणली हे ठीक, पण हे वाचून कुणी भीमगड अभयारण्यात गड्डे उकरायला जाऊ नका. तिथली झाडं तिथंच राहू देत, गुन्हा होतो तो वेगळाच. नर्सरीत अग्निशिखा म्हणून मागा, कन्नड बोलणारा माळी असेल तरी त्याला कळतं.

प्रश्न (अथणी): आमच्याकडं काळी माती आणि पाऊस कमी. कुंडीत लावलीय, जाड बांबू दिलाय पण वेल चढतच नाही, खालीच लोळतो.

उत्तर: बांबू जाड आहे हेच कारण. कळलावीला वेगळे तणावे नसतात, पानाचं टोकच वळून गुंडाळलं जातं, आणि ते एवढंसं टोक जाड बांबूला कुठून विळखा घालणार? तुरकाट्या रोवा, नाहीतर सुतळी ताणून द्या. सहा-आठ फूट सहज जाते. पण पायाशी काय खुपसू नका, कोवळा शेंडा मोडला तर त्या वर्षाचं फूल गेलंच म्हणून समजा. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत निम्मी लाल माती, बाकी वाळू आणि कुजलेलं शेणखत. कुंडी बारा इंच तरी खोल हवी. पाऊस ओढ देईल तेव्हा पाणी द्या, दिवाळीनंतर कुंडी उचलून पागोळी पडत नाही अशा जागी ठेवायची आणि विसरायची.

प्रश्न (निपाणी): मला फार आवडते पण सासूबाई म्हणतात कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, दोन शेळ्या पण आहेत.

उत्तर: भांडणाचं तुम्ही दोघी बघून घ्या, पण यावेळी मी सासूबाईंच्या बाजूनं. झाड सगळंच विषारी आहे, गड्डा आणि बिया सगळ्यात जास्त. त्यात कोल्चिसीन असतं, गाऊटवर जे औषध देतात तेच, पण ते डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं आणि इथं एका गड्ड्यात किती आहे ते कुणाला ठाऊक? रताळं समजून गड्डा खाल्लेली माणसं दगावलेली आहेत. आणि फसवं असं की खाल्ल्या खाल्ल्या काही होत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून पोरानं तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी, पोरगं खेळतंय म्हणून वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा नाहीतर थेट दवाखाना गाठा, झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. बाळंतपणात गड्डा वापरायची जुनी रीत होती, तीही कुणी सांगितली तर ऐकायची नाही.

मुलगा मोठा होईपर्यंत थांबा. तोवर रानहळद लावा, तीही गड्ड्यावरच जगते, उन्हाळ्यात गायब आणि पावसात हजर, आणि गुलाबी तुरा कळलावीपुढं अगदीच काही फिका नाही.

प्रश्न (चंदगड रस्त्यावरून): पानांवर काळ्या अळ्या, अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके. औषध सांगा.

उत्तर: लिलीवर पडते तीच अळी ही, कळलावीचं विष तिला बाधत नाही. दोनचार वेल असतील तर औषध कशाला, सकाळी काडीनं उचलून साबणाच्या पाण्यात टाका. पानाच्या उलट्या बाजूला अंड्यांचे पुंजके दिसले तर तेवढं पान खुडून तेही त्याच पाण्यात. परसात स्पायडर लिली असेल तर तीही बघा, इथून हाकललेली तिकडं जाऊन बसते. आणि काम झालं की हात धुवायचं विसरू नका, अळीसाठी नव्हे, झाडासाठी.