हाताखालच्या लोकांना काम सांगताना विनंती करावी की हुकूम द्यावा?

गोड बोललं तर काम राहतं आणि कडक बोललं तर मनं दुखावतात, अशी बऱ्याच वरिष्ठांची अडचण असते. मला वाटतं, काम बिघडतं ते आवाजामुळे कमी आणि न सांगितलेल्या गोष्टींमुळे जास्त.

माझ्या एका सहकाऱ्याला मी म्हटलं होतं, "वेळ मिळाला तर तो अहवाल जरा बघशील का?" मला हवं होतं की गुरुवारच्या मीटिंगआधी सगळे आकडे मूळ नोंदींशी ताडून व्हावेत. त्याने शुद्धलेखन तपासलं, तेही शुक्रवारी. मी चिडलो आणि मग माझंच वाक्य आठवलं. "वेळ मिळाला तर" म्हणजे घाई नाही, "जरा" म्हणजे वरवर. त्याने मी सांगितलं तेच केलं होतं. मी त्याची माफी मागितली.

आता मी असं सांगतो: "गुरुवारी दुपारपर्यंत हे आकडे मूळ नोंदींशी ताडून हवेत, कारण त्यांवरून पुढचं बजेट ठरणार आहे. जुळलं नाही तर बदलू नकोस, खूण करून ठेव. यासाठी तुझ्या हातातलं कोणतं काम मागे ठेवायचं?" हा शेवटचा प्रश्न अजिबात गाळू नका. "जमेल ना?" विचारलं की साहेबांसमोर माणूस "हो"च म्हणतो. काय मागे ठेवायचं, याला नुसतं "हो" म्हणून सुटता येत नाही.

कारण सांगाल ते खरं सांगा. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांचा १९७८ सालचा झेरॉक्स मशीनवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मशीन वापरायला आलेल्यांना "पाच पानांसाठी मला मध्ये घुसू द्या" म्हटल्यावर ६० टक्के लोकांनी होकार दिला. "मला प्रती काढायच्या आहेत म्हणून" असं पोकळ कारण जोडताच ९३ टक्क्यांनी. हा प्रयोग सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण वीस पानं म्हटल्यावर पोकळ कारणाने काहीच फरक पडला नाही, कारण न देता आणि पोकळ कारण देऊन, दोन्ही वेळा २४ टक्केच. घाईत असल्याचं खरं कारण दिल्यावर ४२ टक्के. ती माणसं अनोळखी होती, कर्मचारी नव्हे, तरी मोठ्या कामाला पोकळ कारण पुरत नाही हे मी ऑफिसातही पाहिलंय. "वरून आलंय" हे तसलंच कारण.

काम खरोखर ऐच्छिक असेल तर "नाही घेतलंस तरी चालेल" असं उघड म्हणा. आणि तो नाही म्हणाला तर ते मनात धरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो खोटा "हो" देईल.