मौखिक जीवशास्त्रातील पीएच.डी. आणि पोस्टडॉक: प्रशिक्षणाची उद्दिष्टे कशी ठरवावीत?

नमस्कार. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी, झाल्यावर अमेरिकेत मौखिक जीवशास्त्रात, म्हणजे ओरल बायॉलॉजीत, पीएच.डी. करण्याचा आपला विचार आहे. अर्जात प्रशिक्षणाची उद्दिष्टे कोणती लिहावीत आणि पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधन-प्रशिक्षणाची, उद्दिष्टे त्यांहून वेगळी असतात का, असे आपण विचारले आहे. मी महाराष्ट्रातून बीडीएस करून पुढचे हे दोन्ही टप्पे तिकडेच पार केले आहेत, त्या आधारावर उत्तर देतो.

बहुतेक अर्जांत उद्दिष्टे म्हणून तंत्रांचीच नावे असतात: पीसीआर, फ्लो सायटोमेट्री, सिक्वेन्सिंग, मायक्रो-सीटी. ती शिकावी लागतातच, परंतु डॉक्टरेटचे उद्दिष्ट त्यापलीकडचे आहे. ज्याचे उत्तर अजून कोणाकडे नाही असा प्रश्न नेमका मांडता यावा आणि आपले अनुमान खोटे असेल तर ते उघडे पडेल असा प्रयोग स्वतः आखता यावा, यासाठी ही वर्षे असतात.

हिरड्यांच्या रोगातील पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू घ्या. त्याला प्राणवायू सोसत नाही, म्हणून नायट्रोजन, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद चेंबरमध्ये हात घालून काम करावे लागते. हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेल्या ब्लड अगारवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या जंतू वाढवण्याच्या थरावर, त्याच्या वसाहती काही दिवसांनी काळ्या होतात. हे कसब सरावाने येते. आता हा जंतू हिरडीच्या पेशींवर सोडल्यावर पेशींभोवतीच्या द्रवातील इंटरल्यूकिन-8 हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन कमी झालेले दिसले, तर पेशींनी ते कमी बनवले, की बनलेले प्रथिन जंतूच्या जिंजिपेन या विकरांनी (एन्झाइमांनी) पचवून टाकले? उष्णतेने मारलेला जंतू वापरला तर विकर निकामी होते, पण त्याबरोबर इतरही बरेच काही बदलते. म्हणून जिंजिपेन नसलेला म्युटंट, म्हणजे जनुक बदललेला जंतू, विकररोधक आणि पेशींतील संदेशवाही आरएनएचे मोजमाप अशा वेगवेगळ्या वाटांनी तीच शंका तपासावी लागते. ही साखळी मार्गदर्शकाने न सांगता सुचू लागली की प्रशिक्षण मार्गी लागले, असे मी मानतो.

आपल्याकडे पहिल्या वर्षी ओरल हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांमुळे ऊती ओळखण्याची नजर चांगली तयार होते आणि ती पुढे फार उपयोगी पडते. मात्र संख्याशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्र यांत बहुतेक दंतवैद्य कच्चे राहतात, म्हणून ही दोन पहिल्या वर्षाची उद्दिष्टे म्हणून स्पष्ट लिहावीत. आपल्या क्षेत्रात याची विशेष गरज आहे, कारण एकाच रुग्णाच्या सहा दातांभोवती घेतलेली मोजमापे म्हणजे सहा स्वतंत्र नमुने नव्हेत. तसे धरून विश्लेषण केले, तर नसलेला फरक आहे असे सहज वाटू शकते.

संशोधन-नीतीचे शिक्षण एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, प्रशिक्षण अनुदानांत बंधनकारकच असते, किमान आठ तासांचे. त्यासाठी वेगळे उद्दिष्ट लिहिण्याची गरज नाही.

पोस्टडॉकची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रयोग आखता येतो हे गृहीतच असते, आणि मार्गदर्शकाच्या कामापासून वेगळा असा कोणता विषय घेऊन आपण स्वतःची लॅब उभी करणार, हे ठरवणे मुख्य असते. जाताना कोणता विषय, कोणते जंतूंचे स्ट्रेन किंवा उंदरांच्या जाती सोबत नेता येतील, हे पहिल्या वर्षीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. संकोचापोटी आपली माणसे हे टाळतात आणि पुढे अडचणीत येतात. अनुदानाचा अर्ज स्वतः लिहिणे आणि कनिष्ठ विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवणे, ही उद्दिष्टेही याच टप्प्यातली.

वेळेचे भान मात्र हवे. के99 हे स्वतंत्र लॅबकडे नेणारे अनुदान परदेशी नागरिकांनाही मिळू शकते, पण त्याचा अर्ज साधारणपणे पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांतच करावा लागतो. उलट, विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या एनआयएचच्या टी32 अनुदानावर केवळ अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच घेतात. दंत व कपाल-चेहरा संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे एनआयडीसीआरने, परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठी आर90 अशी वेगळी सोय ठेवलेली आहे, परंतु ती सर्व विद्यापीठांत नसते. म्हणून ज्या विभागाला लिहाल, त्याला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा की आपल्यासारख्या उमेदवाराचे वेतन कोणत्या अनुदानातून दिले जाईल आणि ते किती वर्षांसाठी निश्चित आहे.