शेवगा, सुबाभळीचा पाला देऊन कोंबड्यांचं विकतचं खाद्य बंद करता येईल का?

प्रश्न असा आहे: घरी २५-३० गावरान कोंबड्या, खाद्याचं पोतं परवडत नाही, बांधावर शेवगा, सुबाभूळ आणि एक हदगा आहे, थोडा लसूणघास आहे. व्हिडिओत सांगतात की शेवग्याच्या पाल्यात प्रथिनं भरपूर, मग पेंड कशाला?

बंद करता येणार नाही, कमी करता येईल. मी स्वतः हा उद्योग करून बसलोय, म्हणून सांगतो.

व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत, फक्त वाळलेल्या पाल्याचा आकडा सांगून ओला पाला दाखवतात. शेवग्याचा पाला पूर्ण वाळवला तर त्यात २५ ते ३० टक्के प्रथिनं भरतात, हे खरं. पण झाडावरून तोडलेल्या पाल्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. १०० ग्रॅम ओल्या पाल्यात प्रथिनं साडेसहा ग्रॅमच्या आसपास. अंड्यावरच्या कोंबडीला रोज १६ ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणजे नुसत्या पाल्यावर भागवायचं तर एका कोंबडीने पाव किलो पाला खायचा! तिच्या पोटात तेवढी जागा नाही, आणि खाल्लाच तरी अंगाला ताकद कुठून येणार? पाल्यात तंतू जास्त आणि कोंबडीला ते पचत नाहीत. शेळी रवंथ करून पाल्याचं दूध करते, कोंबडीला ते जमत नाही. तिला मका, ज्वारी, तांदळाची कणी असलं काहीतरी लागतंच. अझोल्याचं, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या त्या हिरव्या वनस्पतीचं, तर विचारूच नका. ९० टक्क्यांहून जास्त पाणी. किलोभर अझोला वाळवून बघा, हातात मूठभर उरतो.

पहिल्या वर्षी मी हौसेने खाद्य अर्ध्यावर आणलं आणि उरलेल्याच्या जागी सुबाभूळ घातली. पंधरा दिवसांत अंडी निम्म्यावर आली, कोंबड्यांच्या मानेवरची पिसं विरळ झाली. बायको म्हणाली, या काय म्हाताऱ्या झाल्या का एकदम? सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्याने वाढ खुंटते, केस-पिसं गळतात. उन्हात वाळवल्याने ते थोडं कमी होतं, जात नाही. आता मी शंभर किलो खाद्यात वाळलेली सुबाभूळ ४-५ किलोच्या वर जाऊ देत नाही, आणि पिल्लांना अजिबात नाही.

मग पाला कशासाठी द्यायचा? जीवनसत्त्व अ साठी, बलकाच्या रंगासाठी, आणि बंदिस्त कोंबड्यांना काहीतरी उद्योग म्हणून. पाल्याची जुडी टांगायला लागल्यापासून माझ्याकडे एकमेकींना टोचायचं बरंच कमी झालंय. बलकाचा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही, तो खाद्यातूनच येतो. ज्वारी-कणीवरच्या कोंबडीचं अंडं फोडा, बलक फिकट दिसेल. शेवगा किंवा लसूणघास सुरू करा, दोनेक आठवड्यांत गडद होतो. गिऱ्हाईक त्यालाच ‘खरं गावरान’ म्हणून दोन रुपये जास्त देतं. गडद बलकात प्रथिनं जास्त असतात असं काही नाही, पण गिऱ्हाईकाशी कोण वाद घालणार?

माझी पद्धत सांगतो. शेवगा छाटला की फांद्या पडवीत दोरीवर उलट्या टांगतो. उन्हात नाही, उन्हात पाला पांढुरका पडतो आणि ज्यापासून जीवनसत्त्व अ बनतं ते कॅरोटीन उडतं, म्हणजे ज्यासाठी मेहनत केली तेच गेलं. तीन-चार दिवसांत पानं हाताने चुरगळली की कुरकुर वाजतात. मग काड्या काढून चुरा करायचा. साडेचार-पाच किलो ओल्या पाल्याचा किलोभर होतो. भरड्यात हा चुरा शेकडा ५ पासून सुरू करा, अंड्यावरच्या मोठ्या कोंबड्यांना १० च्या पुढे नको. माझं ५० किलोचं पोतं ३० कोंबड्यांना २१ दिवस जायचं, आता २३ दिवस जातं. बचत एवढीच, खोटं कशाला सांगू.

ओला पाला द्यायचा तर जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगा, जमिनीवर टाकलात तर शिटेत तुडवतात. लसूणघास बारीक कापूनच द्या. लांब काड्या गिळल्या की गळ्याखालची पिशवी तुंबते. माझी एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी) त्यातच गेली.

शिंपल्याचा चुरा मात्र पाल्याच्या भरवशावर बंद करू नका. शेवग्यात कॅल्शियम भरपूर म्हणतात, ते माणसाच्या हिशेबाने. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि पाल्याच्या पाच ग्रॅम चुऱ्यातून मिळणार ०.१ ग्रॅम. पालक नेहमी देत असाल तर तोही आवरा, त्यातलं ऑक्झॅलेट असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं.

राहिला हदगा. त्याच्या पाल्यातही कागदावर प्रथिनं चांगली दिसतात, पण पिल्लांना तो विषारी ठरतो. फुलांची भाजी तुम्ही खा, पाला शेळीवाल्या शेजाऱ्याला द्या.