भट्टीचा नमुना घेण्याआधी

उत्खननात भाजलेल्या मातीची चूल किंवा भट्टी सापडली, की लगेच तुकडा काढायची घाई करू नका. मातीतले मॅग्नेटाइटचे (लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे) कण सुमारे 580 अंश सेल्सिअसच्या वर तापून थंड होतात, तेव्हा त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा त्यांच्यात गोठते. ही दिशा काळानुसार बदलत असते, म्हणून तिच्यावरून भट्टीचा काळ काढता येतो. ती वाचायची, तर तुकडा जागेवर असतानाच त्याचा माथा प्लास्टरने सपाट करा, पाणसळीने तपासा आणि वर उत्तरेची रेघ मारा. शक्यतो सूर्य-होकायंत्रानेच, म्हणजे उन्हाच्या सावलीवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रानेच मारा. साधं होकायंत्र भट्टीच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे चळू शकतं. सगळे नमुने एकाच कोपऱ्यातून नकोत. तेवढी भिंत खचलेली असेल, तर सगळेच सारखे चुकतील आणि चूक लक्षातही येणार नाही.

सुट्या विटा, खापरं फेकू नका बरं का. त्यांची दिशा गेली, तरी क्षेत्राची तीव्रता मोजता येते. त्यासाठी एमिल आणि ओडेट टेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1959 साली मांडलेली पद्धत सुधारित रूपात आजही वापरतात.

कळतो तो शेवटच्या तापण्याचा काळ, बांधकामाचा नव्हे. त्या प्रदेशाचा संदर्भ-वक्र, म्हणजे तिथलं चुंबकक्षेत्र काळानुसार कसं बदललं याचा आलेख, नसेल, तर साल सांगायच्या भानगडीत पडू नका. वक्र असला तरी कधी कधी दोन-तीन कालखंड जुळतात. तिथे थरांचा पुरावा किंवा कार्बन-14 पद्धतीने काढलेला काळ हाताशी हवाच.