राजीनाम्याआधी कर्लवाल्या स्टेनबर्गचा हिशोब बघा

तुमचा प्रश्न असा आहे: सर्व्हिस कंपनीत चार वर्षं झाली, आता राजीनामा देऊन स्वतःचा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना फुकट आणि खुला असलेला) प्रकल्प पूर्णवेळ करायचा, तर दोन वर्षांत स्पॉन्सरशिपवर घर चालेल का? राजीनामा देऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. का, ते डॅनियल स्टेनबर्गवरून सांगतो. त्याची सगळी वाटचाल उघड आहे, तारखांसकट तपासता येते.

स्टेनबर्ग स्वीडनचा. टर्मिनलमध्ये आपण रोज जे कर्ल वापरतो, म्हणजे यूआरएल देऊन इंटरनेटवरून डेटा आणायचं-पाठवायचं साधन, त्याचा कर्ताधर्ता. कर्लची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडता येणारा तयार कोड), लिबकर्ल, आज फोनपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे आहे. सुरुवात १९९६ ची. आयआरसी या जुन्या चॅटवरच्या त्याच्या बॉटला (आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामला) चलनांचे ताजे दर हवे होते. नवं काही लिहीत न बसता त्याने ब्राझीलच्या राफाएल सागुलाचा एचटीटीपीगेट हा छोटासा प्रोग्राम घेतला, त्यात दुरुस्त्या पाठवल्या, आणि थोड्याच काळात तो सांभाळायची जबाबदारी त्याच्याकडे आली. पुढे त्यात एफटीपी, म्हणजे फाइली पाठवायची पद्धत, आली तेव्हा नाव यूआरएलगेट झालं, आणि २० मार्च १९९८ ला कर्ल. तुम्ही ‘स्वतःचा’ प्रकल्प म्हणताय म्हणून हे मुद्दाम सांगितलं: त्याची सुरुवात दुसऱ्याच्या प्रकल्पातून झाली.

आता पैशाचं. तो दिवसा एम्बेडेड क्षेत्रात (उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कन्सल्टंट होता, कर्ल फावल्या वेळात. २०१४ ते २०१८ फायरफॉक्सवाल्या मोझिलात नोकरी. कर्लवर पूर्णवेळ पगार सुरू झाला तो २०१९ मध्ये, वुल्फएसएसएल कंपनीत गेल्यावर. १९९८ पासून मोजलं तर जवळजवळ एकवीस वर्षं! आणि तो पगारही देणग्यांवर उभा नाही. ज्या कंपन्यांना अडचणीत हमखास उत्तर हवं असतं, त्या सपोर्टचे पैसे देतात. जानेवारी २०२२ मध्ये, लॉगफोरजे या लायब्ररीतल्या सुरक्षा दोषाचा गोंधळ चालू असताना, एका बड्या कंपनीने त्याला प्रश्नावली धाडली आणि चोवीस तासांत उत्तरं मागितली. कर्ल सी भाषेत, लॉगफोरजे जावामध्ये, काडीचा संबंध नाही. त्याने शांतपणे कळवलं की सपोर्टचा करार करा, सगळी उत्तरं देतो. मला हे उत्तर फार योग्य वाटतं. कोड फुकट आहे, माणसाचा वेळ नाही.

बाकी, प्रकल्प चालवायचा तर नेतृत्वही आलं. ते म्हणजे परिषदांमधली भाषणं अशी तुमची समजूत असेल, तर २०२३ चा ऑक्टोबर बघा. कर्लमध्ये गंभीर सुरक्षा दोष सापडला. सॉक्स५ प्रॉक्सीमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, जाताना होस्टचं (ज्या सर्व्हरशी जोडायचं त्याचं) नाव २५५ बाइटांहून लांब असेल, तर ते प्रॉक्सीकडे न पाठवता त्याचा आयपी पत्ता आपल्याच मशीनवर शोधायचा, असा नियम कोडमध्ये होता. पण प्रॉक्सीचं उत्तर यायला उशीर झाला की तो निर्णय मधल्या मध्ये हरवायचा, आणि ते लांबलचक नाव लहान बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक जागेत) कॉपी होऊन बाहेर सांडायचं. हा कोड २०२० मध्ये खुद्द स्टेनबर्गनेच लिहिलेला. रिलीज ठरल्या वेळेआधी आणली, आणि त्याच दिवशी त्याने सविस्तर लिहिलं: चूक माझी, कोणत्या ओळींत, कशी झाली, टेस्टमध्ये का सापडली नाही. प्रकल्पाचा प्रमुख असं लिहितो तेव्हा नव्या माणसालाही आपली चूक सांगायची भीती उरत नाही. समुदाय असाच बांधला जातो, असं माझं ठाम मत आहे.

अपयशही तो असंच उघड मांडतो. हायपर ही रस्ट भाषेतली एचटीटीपी लायब्ररी. काही वर्षं मेहनत करून ती कर्लला जोडली, बहुतेक टेस्ट पासही झाल्या. पण वापरणारे मिळेनात, आणि सी व रस्ट दोन्ही जाणून ते काम तडीस नेणारे तर त्याहून कमी. २०२४ च्या अखेरीस त्याने कारणं लिहून तो कोड काढून टाकला. इतक्या मेहनतीचा कोड काढायला धाडस लागतं.

तुम्ही काय करा? ऑफिसच्या प्रॉडक्टमध्ये रोज वापरली जाणारी एखादी लायब्ररी निवडा. तिच्या बग ट्रॅकरवर जुने, कुणी हात न लावलेले बग असतात. एकेक आपल्या मशीनवर घडवून बघा, कोणत्या व्हर्जनपासून येतो ते शोधा, टेस्ट लिहून पाठवा. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, नव्या फीचरपेक्षा याचा मोठा आधार वाटतो. लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी कागदपत्रं (डॉक्युमेंटेशन) सुधारा. वर्षभर हे नेमाने केलंत की लोक तुमचं नाव ओळखू लागतील, आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला खरं काम असेल.

आणि पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवायच्या आधी तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून बौद्धिक संपदेचं कलम वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या सुट्टीच्या दिवशी लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. तसं असेल तर मॅनेजर आणि एचआरकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्या. कलमाची भाषा कळली नाही तर नाव-गाव खोडून इथे टाका, आपण बघू.