टॅक्स, व्याज सगळं भरलं तरी आयकर खातं क्रिमिनल केस करू शकतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की वडिलांच्या पार्टनरशिप फर्मवर आयकर खात्याचा सर्व्हे (धंद्याच्या जागी येऊन केलेली तपासणी) झाला, हिशोबाबाहेरची विक्री निघाली, टॅक्स व्याजासकट भरून टाकला आणि आता प्रॉसिक्यूशन म्हणजे क्रिमिनल केस का करू नये म्हणून शो-कॉज (कारणे दाखवा) नोटीस आलीय, त्यात आईचंही नाव आहे, तर पैसे भरल्यावर केस कशी आणि जेल होईल का.

केस होऊ शकते. पैसे भरले म्हणजे वसुली मिटली, गुन्हा नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम २७६सी(१) मधे गुन्हा आहे तो टॅक्स बुडवायच्या जाणूनबुजून केलेल्या प्रयत्नाचा, आणि प्रयत्न एकदा झाला म्हटल्यावर नंतर भरलेल्या चलनाने तो पुसला जात नाही. मी याच केसेस लढवतो आणि बघतो की लोक सगळा बचाव "भरले ना पैसे" यावरच उभा करतात, तर खरं भांडण त्या "जाणूनबुजून" वर आहे.

तेही सोपं नाहीये, कारण कलम २७८ई. एरवी फौजदारी केसमधे हेतू होता हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करायचं, इथे कोर्ट हेतू होता असं धरूनच चालतं आणि नव्हता हे आरोपीने दाखवायचं, वाजवी संशयाला जागा न ठेवता. म्हणून तोंडी खुलासा चालत नाही, कागद लागतो. समजा मार्चअखेरची बिलं अकाउंटंटने पुढच्या वर्षात धरली आणि त्या वर्षाच्या रिटर्नमधे तीच विक्री दाखवून टॅक्स भरलेला आहे, तर ते लेजरचं पान जपून ठेवा, कारण ज्याला बुडवायचंय तो माणूस पुढच्या वर्षी तीच विक्री स्वतःहून दाखवत नाही. उलट एकाच नंबरची दोन बिलं वेगवेगळ्या रकमेची सापडली असतील तर मग "वडिलांना कॉम्प्युटर कळत नाही" वगैरे सांगायला जाऊ नका प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नोटीसचं उत्तर. घाईत घाईत जे उत्तर जातं त्यात एक वाक्य हमखास असतं, "खात्याशी वाद नको आणि मनःशांती हवी म्हणून ही रक्कम उत्पन्नात धरून टॅक्स भरत आहोत". लिहिणाऱ्याला वाटतं आपण समजूतदारपणा दाखवला. पण एमएके डेटाच्या निकालात (२०१३) सुप्रीम कोर्टाने खात्याने लावलेल्या दंडाच्या बाबतीत हा बचाव सरळ उडवून लावलाय, आणि क्रिमिनल कोर्टात तर हेच पत्र तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं. टॅक्सच्या अपिलात एक आणि इथे दुसरंच असंही करू नका, दोन्हीकडचे कागद शेवटी एकाच फाइलला लागतात. त्यामुळे सीए आणि फौजदारीवाला वकील दोघांना एकत्र बसवूनच उत्तर पाठवा. सर्व्हेत वडिलांनी दिलेल्या जबाबाला फार घाबरू नका, कलम १३३ए च्या सर्व्हेत शपथेवर जबाब घ्यायचा अधिकारच नसतो आणि नुसत्या त्या जबाबावर भागत नाही हे २०१२ मधे खादर खान केसमधे सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय. रेडमधला शपथेवरचा जबाब वेगळा, तो जड जातो.

दंडाची ऑर्डर आली असेल तर तिचं अपील जीव तोडून लढा. के. सी. बिल्डर्स (२००४) मधे सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की उत्पन्न लपवल्याचा दंडच ट्रिब्युनलने (आयकर अपिलांचं न्यायाधिकरण) रद्द केला तर त्याच मुद्द्यावरची क्रिमिनल केस उभी राहू शकत नाही. सुटका मात्र मेरिटवर, म्हणजे मूळ मुद्द्यावर हवी, नोटीस उशिरा आली अशा तांत्रिक कारणाने सुटलात तर एवढा फायदा मिळेलच असं नाही. आणि नुसतं अपील पेंडिंग आहे म्हणून केस आपोआप थांबत नाही, ते १९८४ लाच जयप्पन केसमधे ठरलंय. तरी सीबीडीटीचं (आयकर खात्यावरचं केंद्रीय बोर्ड) ९ सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर तुमच्या कामाचं आहे. त्यात म्हटलंय की २७६सी(१) ची केस ट्रिब्युनलने दंड कायम केल्यावरच करायची, आणि बुडवलेली रक्कम २५ लाखांच्या आत असेल तर दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कॉलेजियमची मंजुरी घ्यायची. हे पंचवीस लाख टॅक्सचे, विक्रीचे किंवा उत्पन्नाचे नाहीत, इथे भलेभले गोंधळतात. नोटीसच्या उत्तरात हे सर्क्युलर तारखेसकट घाला.

आईंचं म्हणाल तर नुसत्या पार्टनर आहेत म्हणून आपोआप दोषी नाहीत. २७८बी प्रमाणे त्या वेळी धंद्याचा कारभार त्यांच्या हातात होता हे आधी दाखवावं लागतं. पार्टनरशिप डीड, बँकेत सही कुणाची चालते, सर्व्हेत जबाब कुणाचा घेतला, हे काढून ठेवा आणि त्यांचं उत्तर वेगळं द्या, वडिलांच्या पत्राखाली सही घेऊ नका.

केस झालीच तर आधी ती करायला लागणारी कलम २७९ ची मंजुरी बघायची. कमिशनर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने ती कधी दिली, कोणते कागद बघून दिली, की अहवालच जसाच्या तसा उतरवला. पुराव्यात दम नसेल तर डिस्चार्जचा (खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करायचा) अर्ज, नाहीतर हायकोर्टात केस रद्द करायची याचिका. कंपाउंडिंगचाही (ठरलेली रक्कम भरून गुन्हा मिटवायचा) रस्ता आहे, केस दाखल होण्याआधी किंवा नंतर, ऑक्टोबर २०२४ च्या गाइडलाइन्सनी तो बराच सुटसुटीत केलाय, पण तो हक्क नाही, खातं नाही म्हणू शकतं. माझं मत विचाराल तर दोन बिलांसारखा पुरावा असेल तर कंपाउंडिंग, हिशोबाचा घोळ असेल तर लढा.

जेलचं म्हणाल तर २५ लाखांवर ६ महिने ते ७ वर्षं, त्याखाली ३ महिने ते २ वर्षं, आणि वर दंड. (१ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू आहे, पण जुन्या वर्षांचं प्रकरण जुन्या कायद्यानेच चालतं.) गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस उठून घरी येत नाहीत, कोर्टाचं समन्स येतं. तारखेला हजर राहायचं, जामिनाचा अर्ज तयार ठेवायचा आणि वडिलांना यायला जमत नसेल तर वकिलाकडून गैरहजेरीचा अर्ज त्याच दिवशी टाकायचा, कारण तारखा चुकवल्या तर वॉरंट निघतं आणि मग पोलीस खरंच दारात येतात.