'सर्वंकष' म्हणजे काय खरवडणारा?

दर्यापूर तालुक्यातून एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या आबाजींना गावात 'लाल बावट्याचे' म्हणत. साम्यवाद म्हणजे मिळून कष्टायचं आन् वाटून खायचं, असं ते सांगायचे. मुलीच्या पुस्तकात मात्र साम्यवादाला लागूनच 'सर्वंकष राजवट' छापलंय. दोन्ही एकच का? आणि आढावाही सर्वंकष असतो, मग हा शब्द चांगला की वाईट?"

आधी दुसरा प्रश्न घेतो, पहिल्याची वाट तिथूनच जाते.

संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणं, खरवडणं. सोन्याची कसोटी याच धातूची. पाणिनीचं सूत्रच आहे की सर्व, कूल, अभ्र, करीष या शब्दांपुढे 'कष्' आला की सर्वंकष, कूलंकष असे शब्द होतात. कूलंकषा म्हणजे काठ खरवडत जाणारी नदी. पूर्णेच्या पुरात काठचं वावर कसं तुटून जातं, ते तुम्ही पाहिलंच असेल. सर्वंकष म्हणजे सगळंच खरवडणारा, गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाची खरवडही न सोडणारा. मल्लिनाथाने 'शिशुपालवध' या संस्कृत काव्यावरच्या आपल्या भाष्याला 'सर्वंकषा' नाव दिलं, ते मात्र अभिमानाने. आढावा सर्वंकष असतो तो याच अर्थाने. पुस्तक, हिशोब, प्रश्न असा घासावा. माणसांना असं घासणारी सत्ता आली की तोच शब्द भीतीचा होतो.

'सर्वंकष राजवट' हा आपण 'टोटॅलिटेरियन'साठी घेतलेला शब्द. तो मूळ शब्द १९२३ साली इटलीत मुसोलिनीच्या विरोधकांनी टीकेसाठी वापरला आणि पुढे मुसोलिनीने स्वतःच तो मिरवला. म्हणजे तो जन्मला फॅसिस्ट सत्तेला उद्देशून. हिटलरची सत्ता सर्वंकष होती, स्टालिनचीही होती. साम्यवादाचा तो दुसरा अर्थ नव्हे.

आता साम्यवाद. मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा १८४८चा. 'प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे' हे मार्क्सने १८७५ साली लिहिलं. तुमच्या आबाजींनी तेच गावच्या बोलीत सांगितलं. वर्ग उरले नाहीत की राज्यसंस्थाही विरून जाईल, असं एंगल्सचं म्हणणं. विरणं हा मला इथे फार नेमका शब्द वाटतो. जुनं धोतर कोणी फाडत नाही, ते वापरून वापरून विरतं. सोव्हिएत संघात मात्र हे कापड वर्षागणिक जाड होत गेलं.

असं का झालं? थोडा घोळ शब्दातही आहे. 'कामगारवर्गाची हुकूमशाही' हा मार्क्सचाच शब्दप्रयोग, पण त्यामागे रोमचा डिक्टेटर होता, संकटापुरता, सहा महिन्यांसाठी नेमलेला. मार्क्सला मधल्या काळापुरती बहुसंख्य कष्टकऱ्यांची सत्ता अभिप्रेत होती. त्याचा नमुना म्हणून एंगल्सने १८७१च्या पॅरिस कम्यूनकडे, म्हणजे त्या शहरातल्या कामगारांच्या अल्पकाळच्या राजवटीकडे, बोट दाखवलं, जिथे प्रतिनिधी निवडलेले, परत बोलावता येणारे आणि कामगाराइतक्याच पगारावरचे होते. आपल्या 'हुकूमशाही'त ही मुदत ऐकूच येत नाही.

सगळा दोष भाषांतरावर मात्र टाकता येणार नाही. रशियात निवडून आलेली संविधान सभा लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने जानेवारी १९१८मध्ये एका बैठकीनंतर मोडली. १९२१ साली पक्षाच्या आतले गटही बंद केले. वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य तेच खरं स्वातंत्र्य, असं जर्मनीतल्या क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गने १९१८मध्येच बजावलं होतं, आणि ती पक्की मार्क्सवादी होती. माझ्या मते सिद्धांतातही एक भोक राहिलं. सगळी मालमत्ता सत्तेच्या हातात गेल्यावर त्या सत्तेला आवरणार कोण, याचं पुरेसं उत्तर त्यात नाही. 'गावाचं' आणि 'सरकारचं' यातला फरक ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, ढोरं चारणाऱ्याला विचारा. सोव्हिएत संघातली सामूहिक शेती कागदावर गावाची होती, धान्य किती उचलायचं ते वरून ठरत होतं.

सरवा हा शब्द तुमच्याकडे अजून चालतो. सोंगणी झाल्यावर वावरात पडलेलं वेचायचं, आणि वेचणारीला कोणी चोर म्हणत नाही. ७ ऑगस्ट १९३२च्या सोव्हिएत कायद्याने सामूहिक शेतातलं धान्य घेणं हा गोळी घालण्याजोगा गुन्हा ठरवला. सौम्य परिस्थिती असली तर दहा वर्षांची कैद. उरलीसुरली कणसं वेचणारेही त्यात सापडले, म्हणून लोक त्याला 'कणसांचा कायदा' म्हणू लागले. युक्रेनमध्ये लाखो माणसं उपाशी मेली तो हाच, १९३२-३३चा काळ. सरव्यापर्यंत पोचलेली सत्ता ती सर्वंकष.

म्हणून लिहिताना विचाराला 'साम्यवाद' म्हणावं, आणि पक्षाच्या सत्तेला 'कम्युनिस्ट राजवट', शक्यतो देश आणि काळ सांगून. 'सर्वंकष' हे विशेषण राजवटीला लावावं, तेही ती तशी होती तिथेच. केरळमध्ये १९५७ साली कम्युनिस्ट मतपेटीतून सत्तेवर आले. त्या सरकारला सर्वंकष म्हणणं चूक ठरेल. मुलीच्या पुस्तकात दोन्ही शब्द शेजारी आहेत, तिथे मधे पेन्सिलीने एक उभी रेघ मारून द्या.